कुंभिवलीच्या काट्याची पूजा

माझे यजमान सहदेव वजनकाटे दुरुस्त करतात. ट्रक चढवायचे मोठे काटे. कर्जतच्या भातगिरणीपासून खालापूरच्या कारखान्यांपर्यंत कुठलाही काटा बिघडला की यांचा फोन वाजतो, आणि पंगतीत बसलेले असले तरी हे निघतात. बोलायला मात्र इतके सावकाश, की "चहा हवा का?" असं विचारून मी माझा चहा पिऊन कप विसळते, तेव्हा यांचं "हो" येतं. लग्न झालं त्या वर्षी मी अगदी रडकुंडीला यायचे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही शिळफाट्याहून माझ्या माहेरी निघालो होतो. मी नवी साडी नेसलेली. तेवढ्यात कुंभिवलीच्या काट्याच्या मालकांचा, केतनशेठचा फोन आला. काट्याच्या आकडे दाखवणाऱ्या डब्यावर वजन बरोबर दिसतंय, पण कॉम्प्युटरवर आकड्यांऐवजी नुसती वेडीवाकडी चिन्हं येतायत. झालं, गाडी वळली. मी वाटभर तोंड चालू ठेवलं, यांनी हेल्मेटची काच खाली ओढली.

काट्यावर ट्रकांची रांग लागली होती. कॉम्प्युटरवर बसणारी सुंदरा दाराशी अंग चोरून उभी होती. नवरा गेल्यावर तिनं स्लॅबच्या कामावर घमेली उचलली, त्यात गुडघा गेला, आणि आता कुठं हे बसून करायचं काम मिळालं होतं. काल ऑफिसात दुसरी बाई नव्हती, म्हणून मशीनची पूजा तिनंच केली. आज मशीन बिघडलं. वॉचमन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होता, "विधवेच्या हातचं कुंकू. दुसरं काय व्हनार?" केतनशेठ त्याला गप्प करायचं सोडून म्हणाले, "उद्यापासून दुसरं कोणी बघतो."

सुंदरा माझ्याजवळ सरकली. "ताई, काम गेलं तर जाऊ दे. पन माझा हातच तसा हाय का वो?"



हे टेबलाखाली शिरले. काट्याच्या डब्यातून कॉम्प्युटरकडे येणारी केबल सोडवली आणि तिच्या तोंडावर टॉर्च मारला. आतल्या नऊच्या नऊ पिनांना हळद-कुंकू, अजून ओलं. पूजेसाठी केबल काढून बाईनं एकही पिन उपाशी ठेवली नव्हती! मला वाटलं, हे आता गुपचूप पुसतील आणि विषय मिटवतील. कुणाही शहाण्यानं तेच केलं असतं. यांनी केतनशेठना आत हाक मारली. वर वॉचमनलाही. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

"सुंदराबाई," हे म्हणाले, "स्लॅबला घमेली कशी देता?"

"हातोहात. एकामागून एक."

"आन् मधेच घमेलं निसटलं तर?"

"सांडतंय सगळं."

"ह्या केबलमधे तसंच हाय. वजनाचा आकडा एकदम जात नाय. त्याचे बारीक तुकडे करून डबा एकामागून एक सोडतो, कॉम्प्युटर त्याच वेगानं झेलतो न् परत आकडा जोडतो. ओलीनं पिना एकमेकींत मिळाल्या, तुकडे मधेच सांडले. म्हनून ती चिन्हं." मग वॉचमनकडे वळून त्याच सावकाश सुरात म्हणाले, "कुंकू ओलं होतं, एवढंच. हात कुनाचा ते केबलला कळत नाय. माझ्या बायकोनं लावलं असतं तरी हेच झालं असतं."

ब्रशनं पिना घासल्या, पंख्याखाली सुकवल्या, केबल लावली. बाहेर उभ्या ट्रकचं वजन पडद्यावर नीट उमटलं. केतनशेठ म्हणाले, "बस गं सुंदरा, उद्याही तूच ये. रांग बघ केवढी झालीय." वॉचमन गेटकडे गेला. माफीबिफी कसली!

यांचा मला इतका अभिमान वाटला, की माहेरी उशीर झाल्याचंही विसरले. सुंदरा खुर्चीत बसली. पण कोपऱ्यातलं पूजेचं तबक उचलून तिनं माझ्यापुढं धरलं. "ताई, तुमीच लावा मशीनला. वरून, कोरडं. सवाष्णीचा हात बरा."

एवढं ऐकूनही! मला असा काही राग आला, की कुणावर ते माझं मलाच कळेना. तबक मी तिच्या हातात तसंच राहू दिलं आणि तिच्यासमोर वाकले.

"मशीनचं राहू दे गं. आधी मला लाव."

ती नको नको म्हणत होती. मी हलले नाही. शेवटी तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या कपाळावर टेकवलं.