दोन थेंब आणि एक ‘हो’

पोलिओचा डोस पाजायला कितीसा वेळ लागतो? बाळानं आ केला की काम झालं! पण घरच्यांनी ‘हो’ म्हणेपर्यंत चहा होतो, भांडण होतं, कधीकधी जेवणसुद्धा. म्हणून तर आम्हा नर्सबायांकडे किस्से साचतात.

*

पल्स पोलिओची सुरुवातीची वर्षं. अंबडला कारखान्यातला एक सुपरवायझर घराच्या दारातच आडवा. “फुकटच्या मालाला क्वालिटी असते का, सिस्टर?”

“राहू द्या. तुमच्या मोठ्या साहेबांच्या नातवाला आत्ताच पाजून आले.”

“साहेबांनी घेतला? मग आमच्याला डबल द्या!”

*

एकलहऱ्याच्या कॉलनीत सून तयार, सासूबाई नाही म्हणजे नाही. माझ्या जोडीची शिंदेताई भारी बेरकी. सासूबाईंच्या कानाशी लागून म्हणाली, “आजी, तुमची सूनच नको म्हणतेय हो.”

“ती कोण नको म्हणणारी? आण गं पोराला!”

*

पंचवटीतल्या एका गल्लीत सगळ्या बाया खिडकीतून बघतायत, पहिली कोण जाते! शिंदेताईनं धाडकन पेटी मिटली. “चला सिस्टर, पुढच्या गल्लीत मागणी आहे!” झाली की लाईन! त्यात एक मावशी मोकळ्या हातांनी.

“मावशी, बाळ कुठाय?”

“पुण्याला, नोकरीला. पण सगळे घेतायत तर मलाच द्या!”

*

आता हरसूलकडचं. एका पाड्यावर आजी नातीला पदराखाली घेऊन बसलेली, देईचना. तिच्या मुलाला लहानपणी तापात कुणा डॉक्टरनं सुई टोचली, आणि त्याचा पाय गेला. तोच पोरीचा बाप, काठी टेकून शेजारी उभा. “आये, ही सुई नाय, थेंब हायेत,” तो म्हणाला.

मी समजावलं, शिंदेताईनं समजावलं. म्हातारी ढिम्म! रागही येईना मला. पोरीचे पाय जाऊ नयेत, हेच तिलाही हवं होतं आणि मलाही.

शेवटी म्हणाली, “तो डागदर सुई मारून गेला, तो गेलाच. तू ऱ्हाशील? सकाळी पोरीचं पाय हालले, मंगच जायचं!”

“राहते!” मी म्हटलं. डोसावर माझा पक्का भरवसा होता. पोरीला पाजला, शिंदेताईला एकटीला एस्टीत बसवलं आणि आजीच्या हातची नागलीची भाकरी खाऊन तिथंच मुक्काम केला.

सकाळी आजीनं पोर माझ्या मांडीवर ठेवली. पोरीनं माझ्या पोटात अशी सणसणीत लाथ घातली की मी कळवळलेच!

आजी त्या पायांकडे बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, “जा आता.”