जब्बारचाचा आणि टेकडीवरचा रिपीटर

"चालू झालं," असं कोणी म्हटलं की जब्बारचाचा आधी त्या माणसाकडं रोखून बघत, मग यंत्राकडं. पांढरकवड्यात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं आणि साऱ्या बाजारात ते संशयी म्हणून बदनाम होते. चहावाल्यानं साखर टाकली म्हटलं तरी आधी चाखून बघायचे. हौशी रेडिओचा परवाना आमच्या भागात आम्हा दोघांकडंच, त्यामुळं मला त्यांच्याशी जमवून घेणं भाग होतं.

मी तेव्हा झरी जामणीकडच्या एका खेड्यात शिक्षक होतो. गावात मोबाइलला नेटवर्क नव्हतं. कपाशीवर फवारणी करता करता माणसं विषबाधेनं कोसळत, आणि रुग्णवाहिका बोलवायला कोणीतरी दुचाकीवर फोन लागेल तिथवर जाई. तोवर फार उशीर होई. म्हणून मी डिजिटल रेडिओ सेट घेतला. चाचांनी टेकडीवर बसवलेल्या रिपीटरनं माझा आवाज उचलून चाचांच्या दुकानात पोचवायचा आणि चाचांनी दवाखान्यात फोन करायचा, असं ठरलं.

प्रोग्रॅमिंग मी घरीच केलं. दुकानाच्या पायरीवर उभा राहून बोललो, तर आत चाचांच्या सेटवर आवाज खणखणीत! "चालला रिपीटर," मी म्हणालो.

"कोनता रिपीटर, गुरुजी?" चाचांनी पायाशी ठेवलेली बॅटरी दाखवली. "त्याची बॅटरी तं मी सकाळीच चार्जिंगले खाली आनली. मंग तुम्ही बोलले कुठून?"

रिपीटरसाठी बोलायची फ्रिक्वेन्सी वेगळी लागते आणि ऐकायची वेगळी. मी दोन्हीकडं एकच टाकली होती, म्हणून माझा सेट परस्पर त्यांच्या सेटशी बोलत होता. चाचांनी माझं सगळंच पुसून नव्यानं भरलं. "दुसऱ्याच्या हातचं मी ठेवत नाई." मला राग आला. या माणसाला सगळ्या किल्ल्या आपल्याच कमरेला हव्यात, अशी मला दाट शंका होती.

दुसऱ्या दिवशी बॅटरी वर चढवून चाचा एस.टी.नं थेट आमच्या गावात हजर. "तुम्ही तं घरबसल्या सांगसान, चालला म्हनून. मी कायले मानू?"

शाळेच्या गच्चीवर त्यांनी माझ्या सेटचं बटण दाबलं. रिपीटर उघडेना, आवाज पुढं जाईना. पुन्हा दाबलं, तरी तेच. लॅपटॉप उघडून बघतात तो कलर कोड चुकलेला. या आकड्यावरून रिपीटर आपले सेट ओळखतो. मी भरलेला आकडा बरोबर होता; तो पुसून चाचांनी चुकीचा टाकला होता. आता काय सबब सांगतात, याची मी मजेत वाट बघत होतो.

"गलती माही हाये," ते म्हणाले. "तुमचा बराबर होता." मग त्यांनी माझाच आकडा परत भरला, पुन्हा बटण दाबलं आणि रिपीटर उघडला.

आठवड्यानं शेजारचा सोनबा फवारणी करून आला आणि अंगणातच पडला. मी सेट उचलला.

"सवताच्या डोयानं पाहून राह्यले काय?" चाचांनी विचारलं.

"समोरच आहे. उलट्या होतायत, नजर ठरत नाही."

दुसरा प्रश्न न विचारता त्यांनी दवाखान्यात फोन लावला. गाडी वेळेवर आली.

तिसऱ्या दिवशी मी सोनबाजवळ बसलो होतो, तेव्हा चाचा सरकारी दवाखान्यात आले. सोनबा बरा आहे हे मी सेटवर सांगितलं होतं, पण त्यांना ते पटलं नव्हतं. खाटेवर बसून भात खाणाऱ्या सोनबाकडं ते बराच वेळ बघत राहिले. मग बाहेर बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"गुरुजी, त्या दिवशी मी गावात आलो नसतो तं?"

"मी शोधली असती चूक," मी म्हणालो.

"कायची शोधता? तुम्ही तं चालला म्हनून सेट फडताळात ठेवला असता."

ते खरं होतं. मी त्यांचा हात धरला.