दर रविवारी थोडासा

मे महिन्यात माझी मोटरसायकल रोज ओमतीच्या चौकात बंद पडायला लागली. राइट टाउनहून निघून तिथवर पोचेपर्यंत इंजिन इतकं तापायचं की पँटमधून पोटरीला चटका बसायचा. मग किती किक मारा, उपयोग नाही. गाडी कडेला घ्यायची, वीस मिनिटं उन्हात उभं राहायचं आणि ऑफिसात उशिराचं नवं कारण शोधायचं.

बाबा फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या मते गाडीत दोष नव्हताच.

"तू क्लच दाबून चालवून राहिला," ते म्हणायचे.

"नाही दाबत, बाबा."

"मग काहून तापते?"

हे ते मला विचारत होते.

मी ऑइल बदललं, प्लग बदलला. गल्लीतल्या मिस्त्रीने कार्बोरेटर साफ करून दिला. दोन दिवसांनी त्याच चौकात पुन्हा तेच. शेवटी तिथूनच ढकलत ढकलत सदर भागातल्या एका वयस्कर मिस्त्रीकडे नेली. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

त्याने इंजिनकडे पाहिलंही नाही. मागच्या चाकाच्या मधोमध हात लावला आणि झटकन मागे घेतला. गाडी स्टँडवर चढवून चाक फिरवलं. अर्ध्या फेऱ्यातच ते थांबलं.

"भैया, पिछला ब्रेक किसने कसा है? इंजन बेचारा दिन भर ब्रेक से लड़ रहा है."

पाच मिनिटांत त्याने नट सैल केला. मी मात्र पंधरा दिवस इंजिनच उघडत बसलो होतो.

घरी बाबा व्हरांड्यात पेपर वाचत होते.

"मागचा ब्रेक तुम्ही आवळला?"

"थोडासा. मागच्या महिन्यात तू त्या ऑटोवर आदळता आदळता वाचला न."

"थोडासा?"

"दर रविवारी थोडासा."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू ढिला केला असता."

ते खरंच होतं, म्हणून मी जास्तच चिडलो. त्यांचे नट आवळायचे पाने उचलून कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं.

जरा वेळाने बाहेर आलो, तर बाबा गाडी स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवत होते. चाक गरगर फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

"आता बरोबर आहे," जणू त्यांनीच दुरुस्त केली होती अशा सुरात ते म्हणाले. "पण हळू चालवत जा."