सर्वानुमते

शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात मी ग्रामसेवक म्हणून नवीनच रुजू झालो होतो. पहिल्याच ग्रामसभेचा विषय होता, अंगणवाडी नाल्यापलीकडे हलवायची आणि चौकातली जागा दुकानांच्या गाळ्यांसाठी मोकळी करायची.

मला पहिल्यापासूनच काहीतरी खटकत होतं. सभेची नोटीस कार्यालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली. ठरावाचा मसुदा सरपंच नानांनी आदल्या दिवशीच माझ्या मोबाइलवर पाठवलेला, शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहून. सभा व्हायच्या आधीच सगळ्यांचं मत यांना कळलं कसं?

सभेत पुढच्या रांगेतले हात झटकन वर गेले. बाकीच्यांचे त्यांच्याकडे बघत बघत हळूहळू वर आले. मी मुकाट्याने मसुदा रजिस्टरात उतरवला आणि वाचून दाखवला.

मागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी उठली. तिची नात त्या अंगणवाडीत होती.

“बठ्ठास्नी हात वर कया, आसं लिखं का भाऊ?” सगळ्यांनीच हात वर केला असं मी लिहिलंय का, हे तिने विचारलं. “मना हात तं खालेच व्हता.”

काही जण हसले. सरपंच म्हणाले, “अक्का, एका हाताने काय फरक पडतो? ठराव तर पासच आहे.” मग माझ्याकडे वळून हळूच, “सर्वानुमते काय, बहुमताने काय, एकच ते.”

“एकच असेल तर नाना, बदलायला हरकत काय?” मी म्हणालो.

त्यांनी रजिस्टर मिटायला हात पुढे केला. तेव्हा माझी खात्री पटली, या एका शब्दातच काहीतरी दडलेलं आहे. मी ‘सर्वानुमते’ खोडलं, ‘बहुमताने’ केलं आणि अक्काचा विरोध कारणासह नोंदवला: पावसाळ्यात नाल्याला पाणी येतं, पोरं जाणार कशी? अक्काने अंगठा दिला. पण आधी तेच पान अंगणवाडीच्या बाईंकडून पुन्हा वाचून घेतलं. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि का असावा?

ठराव सर्वानुमते गेला असता तर कागदावरच मंजूर झाला असता; त्या विरोधाच्या नोंदीमुळे तालुक्याचे साहेब जागा बघायला आले. नाल्यावर साधा फरशी-पूलही नव्हता. प्रस्ताव परत गेला, अंगणवाडी चौकातच राहिली.

पुढच्या आठवड्यात तिघे जण वेगवेगळे येऊन मला भेटले. तिघांचंही म्हणणं एकच, “आमचाही विरोधच होता साहेब.”

“मग हात वर का केला?”

“शेजारच्याचा गेला ना.”

मी तिघांनाही चहा पाजला. त्यांतल्या एकाच्याही बोलण्यावर माझा विश्वास बसला नाही.