गल्लीतलं एकुलतं पांढरं छत

आमच्या धंद्यात किस्से फोमसारखेच फुगतात. ऊन अडवणाऱ्या या फोमचा छतावर पातळ फवारा मारला, की दूध उतू आल्यासारखा तो वर येतो आणि तिथंच कडक होतो. त्यावर पांढरा कोट दिला, की नागपूरच्या मे महिन्यातही खालच्या खोलीत माणूस माणसात राहतो! मी आणि माझा पार्टनर गजूभाऊ हेच काम करतो. एक घर झालं की अख्खी गल्ली मिळते, असा आमचा अनुभव. फक्त गेल्या वर्षी कुसुमकाकूंचं छत केलं, त्या गल्लीतून दुसरा फोनच आला नाही. यंदाचा आमचा सारा सीझन त्याच गल्लीच्या भरवशावर, आणि काहून अडलं ते काही कळेना!

*

भावावरून तर रोज वाजतं. एक रिटायर्ड सर कोटेशन ऐकून म्हणाले, "एवढ्यात तर नवा एसी येते!"

"येते ना सर," गजूभाऊ म्हणाला. "पण त्याचं बिल दर महिन्याले. फोमचं एकदाच."

"आन् वरचा कोट?"

"तो काही वर्षांनी पुन्हा मारा लागते."

"म्हणजे बिल आलंच ना गा!"

गजूभाऊनं प्यायला पाणी मागितलं.

*

वाऱ्यानं फोमचे शिंतोडे उडतात, म्हणून आम्ही शेजारच्या गाड्या आधीच हलवायला सांगतो. एका काकांनी ऐकलं नाही. त्यांच्या काळ्या मोपेडवर पांढरे फोड! आम्ही हात जोडले. काका सीट चाचपून म्हणाले, "राहू द्या. आता हे उन्हात तापणार नाही ना?"

*

"कावळा टोचून राहिला छताले! वॉरंटीत बसते का?" असा एकाचा फोन. जाऊन पाहिलं, तर छतावर खिळे ठोकून डिश अँटेना बसवलेली.

"हे कावळ्यानं ठोकलं का?"

"नाही, हे मी. पण कावळा याच्यावरच येऊन बसते ना!"

*

कुसुमकाकू मूळच्या भिवापूरच्या, म्हणजे मिरचीच्याच गावच्या. फोमवर खाट, टोपल्या, वाळवण काही ठेवायचं नाही, हे त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं. यंदा तपासणीला गेलो, तर छतावर ओरखडासुद्धा नाही. आम्ही खूश! बाजूच्या गच्चीवर मात्र लालभडक मिरच्या, पलीकडे कुरडया, मागं मुगवड्या.

"शेजारणी मोठ्या कामाच्या दिसतात," मी म्हणालो.

"ते सारं माह्यंच आहे."

गजूभाऊनं संधी साधली. "काकू, या लोकायले आमच्या फोमचं सांगा ना!"

"सांगते ना, साऱ्यायले सांगते. मेन्टेनन्सचं लय झंझट आहे, बिलकुल लावू नका म्हणते!"

"काहून काकू? तुमचं घर तर थंडगार आहे!"

"म्हणूनच त, बाबू! ह्यायनंबी लावला, त मी मिरच्या कुठं वाळवू?"