कांचनताई आणि सहा लेनचा रस्ता

कांचनताई सबनीसांच्या घराच्या वरच्या खिडकीतून त्यांच्या नोकरीची जागा दिसते. लाल पाटीचं औषधांचं दुकान, आणि मध्ये सहा लेनचा रस्ता. बस्स, एवढंच अंतर. डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्कोच्याही पुढे, जिथे परवापरवापर्यंत गुरं चरत होती तिथे आमचं हे उपनगर उभं राहिलंय. मी त्यांची शेजारीण. दुकानात त्या फार्मसी टेक्निशियन आहेत. गोळ्या भरायच्या, डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करायचे, आणि इन्शुरन्सवर चिडलेल्या गिऱ्हाइकाला शांत करायचं. कित्येक वर्षं त्या गाडीनं जात-येत होत्या. मधल्या रस्त्याचा त्यांनी कधी विचारसुद्धा केला नव्हता.

मग काचबिंदूनं त्यांची कडेची नजर खाल्ली. समोरचं स्वच्छ दिसायचं, बाजूचं नाही. डॉक्टर म्हणाले, "काम करा, वाचा, भरपूर चाला. फक्त ड्राइव्ह करायचं नाही."

"भरपूर चाला म्हणे!" कांचनताई घरी येऊन मला म्हणाल्या. "कुठे चालू? बाथरूमपर्यंत?"

त्यांचे यजमान राजेश कामासाठी निम्मा आठवडा ह्यूस्टनला असतात. मुलगी इला लांब दुसऱ्या राज्यात, रेडमंडला. तिनं फोनवर एका वाक्यात प्रश्न सोडवला, "आई, जस्ट टेक ॲन उबर. व्हॉट्स द बिग डील?"

कांचनताईंनी तेही करून पाहिलं. गाडी यायची, वळसा घालून यू-टर्न घ्यायची आणि समोर सोडायची. एका ड्रायव्हरनं पत्ता वाचला, रस्त्यापलीकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं आणि ट्रिप कॅन्सल केली. त्याला वाटलं, बाई थट्टा करताहेत.

शेवटी त्या चालायला लागल्या. आमच्या वसाहतीची भिंत संपते तिथे फुटपाथही संपतो. पुढे गवत आणि स्प्रिंकलरचा चिखल. तो तुडवत लांबच्या सिग्नलपर्यंत जायचं. तिथेही पायी माणसासाठी दिवा नाही, म्हणून दहादा मान वळवून पाहायचं आणि जीव मुठीत धरून पलीकडे व्हायचं. टेक्ससची माणसं भली. दर थोड्या वेळानं कोणीतरी काच खाली करून विचारायचं, "आर यू ओके, मॅम?" पहिल्या आठवड्यात कांचनताईंनी हसून आभार मानले. दुसऱ्या आठवड्यात त्यांचं हसू संपलं.

एक दिवस पोलिसांची गाडी येऊन थांबली. कोणीतरी फोन केला होता की एक गोंधळलेली म्हातारी रस्त्याच्या कडेनं भटकतेय. तरुण ऑफिसरनं फार अदबीनं विचारलं, "मॅम, आपलं घर कुठे आहे, आठवतंय का?"

"मला सगळं आठवतंय. मी कामाला चाललेय."

"पायी?"

त्यानं आग्रहानं त्यांना पोलिसांच्या गाडीतून दुकानाच्या दारात सोडलं. काउंटरवरची माणसं बघतच राहिली. त्या संध्याकाळी कांचनताई माझ्या स्वयंपाकघरात बसून रडल्या. "अठ्ठावन्न वर्षांची बाई पायी निघाली, तर हिला वेड लागलंय असं वाटतं यांना!"

मग आम्ही सिटी हॉलच्या मीटिंगला गेलो. म्हणजे मी त्यांना गाडीनं नेलं. पायी चालायची सोय मागायला दुसरा इलाजच नव्हता. रस्ते खात्याचा इंजिनियर डग यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्या दुकानासमोर आम्ही कॅमेरा लावून मोजलंय. कोणीच रस्ता ओलांडत नाही. म्हणजे क्रॉसिंगची गरज नाही."

"दार नसलेल्या भिंतीपुढे उभं राहून तुम्ही आत किती माणसं गेली ते मोजताय," कांचनताई म्हणाल्या.

दोघं-तिघं हसले. डगही ओशाळला. "नियम तसा आहे, मॅम. पुढच्या महिन्यात परत मोजतो."

आता माणसं आणायची कुठून? पण कांचनताईंना आठवलं, की आमच्या वसाहतीत चालणारी एक जमात आहेच. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील! साडीवर स्वेटर आणि पायात सुनेचे स्नीकर्स अशा अवतारात तीच मंडळी रोज आतल्या आत फेऱ्या मारत असतात. नागपूरहून लेकाकडे आलेले पुरुषोत्तमकाका तर जेरीलाच आले होते. "काय बाप्पा, पायानं जायचं तरी कुठं इथं? पोरगा म्हणते, ट्रेडमिल आणून देतो."

मोजणीच्या दिवशी ही सगळी पलटण रस्त्याच्या कडेला जमली. मी नको नको म्हणत होते. सहा लेनमधून या वयाची माणसं? आणि कांचनताईंना तर बाजूची गाडी दिसतच नव्हती. काकांनी त्यांचा हात धरला. तेवढ्यात पुन्हा कोणीतरी पोलिसांना फोन केलाच, आणि आला कोण, तर तोच तरुण ऑफिसर. त्यानं कपाळावर हात मारला. मग निळे दिवे लावून गाडी आडवी घातली, दोन्हीकडची रहदारी थांबवली आणि सगळ्यांना सुखरूप पलीकडे नेलं. परत येतानाही तेच.

आम्ही खुशीत होतो. पुढच्या आठवड्यात डगचा निरोप आला, की पोलिसांच्या मदतीनं रस्ता ओलांडलेली माणसं मोजणीत धरता येत नाहीत.

कांचनताईंनी फोन ठेवला आणि हातातलं लाटणं पोळपाटावर असं दाबलं, की पोळीचा पापड झाला.

प्रश्न सुटला तो त्या ऑफिसरमुळे. तो स्वतःहून पुढच्या मीटिंगला आला आणि त्यानं डगला सगळ्यांसमोर विचारलं, "मग रोज सकाळी मीच येऊन गाड्या थांबवू का?" यावर कोणाकडे नियम नव्हता. क्रॉसिंग मंजूर झालं. मंजुरी ते दिव्याचा खांब यात सव्वा वर्ष गेलं. तोवर पुरुषोत्तमकाका नागपूरला परतले होते, आणि कांचनताईंचा डावा डोळा आणखी थोडा मंदावला होता.

आता बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि भलेमोठे पिकअप ट्रक निमूट उभे राहतात. त्या छान मधोमध चालत पलीकडे पोचतात, आणि थेट गवतात. दुकानाच्या बाजूची जागा, ते दुकान ज्या मॉलमध्ये आहे त्याच्या मालकाची आहे, त्यामुळे तिथला फुटपाथ 'फेज टू'मध्ये.

पहिल्याच आठवड्यात आमच्या बाजूच्या अपार्टमेंटमधली एक तरुण आई बाबागाडी ढकलत दुकानात आली. बाळाच्या तापाचं औषध घेताना म्हणाली, "हे दुकान इतकं जवळ आहे, मला माहीतच नव्हतं!"

कांचनताईंनी वाकून पाहिलं. बाबागाडीची चाकं चिखलानं माखली होती. काउंटरखालचे पेपर टॉवेल काढून त्यांनी स्वतः ती पुसून दिली आणि जेवणाच्या सुट्टीत लगेच डगला फोन लावला.

डग मीटिंगमध्ये होता.