वाटसराचं पान

माझी नणंद वसंता महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना कोटाची गोष्ट सांगते आणि ती फार लांबवते, अशी तक्रार मी पुष्कळांकडून ऐकली आहे. तक्रार खरी आहे. पण लांबवण्याचं कारण इतिहास नसून जेवण आहे. दहाला आलेल्या माणसाला ती मोठी गोष्ट सांगते, अकराला आलेल्याला मधली, आणि बाराला आलेल्याला काहीच न सांगता सरळ पानावर बसवते.

हा कोट कुंभकोणमहून तिरुप्पनंदाळच्या बसने अर्ध्या तासावर, कावेरीच्या एका फाट्याच्या काठी आहे. तंजावर दरबारातल्या कुणा राणीने यात्रेकरूंसाठी बांधलेलं ते छत्र, म्हणजे जेवणाची सोय असलेली धर्मशाळा. तट, दरवाजा, घोड्यांची पागा, नदीत उतरणाऱ्या पायऱ्या आणि शंभर माणसांचा भात शिजेल एवढ्या चुली. आता दरवाजाला दार नाही, पागेला छप्पर नाही, तटातून पिंपळ उगवलाय आणि गावच्या शेळ्या आत दुपारची झोप काढतात. फक्त मुदपाकखान्याची एक खोली शाबूत आहे. तिथे माझ्या सासरच्यांची चूल पेटते.

सासऱ्यांच्या खापरपणजोबांना राणीने छत्राचा मुदपाक दिला, तेव्हाचा नेम असा की वाटसरू जेवल्याशिवाय मुदपाक्याच्या घरचं चूल राखणारं माणूस जेवणार नाही. राणी गेली, दरबार गेला, छत्राच्या जमिनी गेल्या. सुंभ जळला, पीळ राहिला. शंभर पानांचं एक पान झालं, पण ते एक पान रोज. वाटसरू त्या गावचा नसावा, त्याची जात विचारू नये, डबा भरून देऊ नये, त्याने बसून जेवलं पाहिजे. सूर्य मावळायच्या आत. संध्याकाळी घरी देवापुढे दिवा लावताना त्याचं नाव घ्यायचं.

पूर्वी वाटसरू पायी येत, सावली शोधत, त्यांना बोलवावं लागत नसे. आता माणसं मोटारीतून काच वर करून जातात. पन्नाशी उलटलेली एक बाई भर उन्हात रस्त्यावर उभी राहून तमिळमध्ये "जेवून जा" म्हणते, म्हटल्यावर लोकांना पहिला संशय येतो तो ही काय विकते याचा. दुसऱ्याला साखरेचा आजार असतो. तिसरा फोटो काढतो आणि जातो. म्हणून अक्काला, वसंताला मी अक्का म्हणते, पडके किल्ले बघणारे पाहुणे फार प्रिय. ते उतरतात, हिंडतात, त्यांना भूक लागते. त्यांना थोपवून धरण्यासाठी ती इतिहास शिकली. हाताला लागेल ते वाचून, पाहुण्यांनाच विचारून.

सासरे वारले तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विष्णुवर्धनला नोकरी लागेपर्यंत वर्षभर तू चूल सांभाळ, असं ठरलं. त्या वर्षाची एकोणतीस वर्षं झाली. दोन स्थळं आली होती. एक चेन्नईचं, एक बंगळूरचं. दोन्हीकडे तिने विचारलं, मी गेल्यावर पान कोण वाढेल? दोन्ही स्थळं परत गेली. माझ्या नवऱ्याकडे सल्ले होते. उंटावरून शेळ्या हाकण्यात हे पटाईत. स्वतः मधुमेही, बाराच्या ठोक्याला जेवायला लागतं, त्यामुळे त्यांची सुटका परस्पर झाली.

उरले मी. मी शाळेत शिकवत होते, तोवर प्रश्नच नव्हता. मुदतीआधी निवृत्ती घेतल्यावर तीन वर्षं मी कधी गुडघे पुढे केले, कधी ऊन, कधी काही. चूल सांभाळशील का, असं कुणी थेट विचारलं नाही आणि मी आपणहून म्हटलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटावीच.

अक्काला एकच हौस होती, जिंजीचा किल्ला बघायचा. महाराष्ट्रातले गडही नव्हेत, हा आपला इथला, साडेतीन तासांवरचा. आठ वर्षांचा वेढा, तीन डोंगर, तटांच्या रांगा, सगळं तिला पाठ. पाहुणे जिंजी करून आमच्याकडे येत किंवा आमच्याकडून जिंजीला जात, आणि ती त्यांना न पाहिलेल्या दरवाजांची नावं सांगे. पण पहाटे निघून संध्याकाळी परतलं तरी दुपार तिथेच जाते. एकोणतीस वर्षांत तिला एक दुपार मिळाली नव्हती.

मागल्या मार्गळीत, म्हणजे ऐन डिसेंबरात, साताऱ्याच्या पंकजाताई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, सोबत तीन मैत्रिणी, ठरवलेली गाडी. पहाटे जिंजीला निघणार, रात्री तिरुवण्णामलैला मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत इथूनच पुढे. गाडीत एक जागा रिकामी होती. पानावरून उठताना त्या म्हणाल्या, "वसंताताई, चला की आमच्याबरोबर." अक्का हसली आणि ताकाचं भांडं उचलायला वाकली. वाकलेलीच राहिली जराशी. मी त्या दिवशी नारळ पोचवायला म्हणून तिथे गेले होते. तिची पाठ बघून माझ्या तोंडून आमच्या तंजावरी मराठीत निघून गेलं, "अक्का, तुम्ही जावा. मी बसत्यें."

"तुज जमेल?" तिने विचारलं.

"एक पान वाढायास काय जमायाचें?"

ही माझी घमेंड. एक पान वाढणं काहीच नसतं. पानावर माणूस आणणं असतं.

दुसऱ्या दिवशी मी भात, सांबार, रसम आणि उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पच्चडी केली आणि अकरापासून रस्त्यावर उभी राहिले. मोटारसायकलवरच्या जोडप्याने हात हलवला, मला वाटलं थांबताहेत, ते मला टाटा करत होते. स्वामीमलैला मूर्ती ठरवायला निघालेलं एक कुटुंब थांबलं, पण त्यांचा डबा बरोबर होता. एकाने मला कोणत्या पक्षाच्या म्हणून विचारलं. दीडच्या सुमाराला बसमधून काळी लुंगी नेसलेले एक गृहस्थ उतरले. पापनाशमचे, नाव जानकीराम. फार सभ्य माणूस. कोट बघितला, चूल बघितली, पानाला नमस्कारसुद्धा केला. पण शबरीमलैचं व्रत चालू, बाहेरचं खाणार नाही. पुढच्या बसने गेले. मला त्यांचा इतका राग आला की अय्यप्पालाही दोन शब्द ऐकवले.

अडीचला फोन वाजला. अक्का जिंजीच्या पायथ्याशी होती.

"भारती, पान झालें?"

मी विचारलं, "तुम्ही वर गेलां नाहींत?"

"पान झाल्यावांचून कशी चढूं? त्या चौघी पुढे गेल्या. इथला माणूस सांगतो, तीन वाजल्यावर कोणास वर सोडीत नाहीं." मग म्हणाली, "कोणी नाहीं आलें, तर तसें सांग. मी खालून पाहिलें आहे. तितकें पुरें."

तितकं पुरे म्हणताना तिचा आवाज जसा झाला, तो ऐकून मला तीन वर्षांचे माझे गुडघे आठवले. मी म्हटलं, "झालें, अक्का."

"कोण जेवलें?"

"जानकीराम म्हणून. पापनाशमचे."

"पोटभर जेवले?"

"दोन वेळ रसम मागून घेतलें."

"बरें झालें," ती म्हणाली. "मग मी चढत्यें." फोन बंद करायचं ती विसरली. काही वेळ मला नुसते तिचे श्वास आणि दगडावर वाजणाऱ्या चपला ऐकू येत राहिल्या.

मी सूर्य मावळेपर्यंत थांबले. खोटं बोलले होते ते खरं करून टाकावं म्हणून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. एक लॉरीवाला शिव्या देऊन गेला. मग मी पान उचललं, भात नदीत माशांना सोडला आणि घरी जाऊन देवापुढे जानकीरामांचं नाव घेतलं. दोनशे-अडीचशे वर्षांचं पान त्या दिवशी माझ्या हातून मोडलं. आभाळ पडलं नाही. नळाला पाणीही वेळेवर आलं.

दुसऱ्या दिवशी दहाला अक्का परत आली ती पाय ओढत. पोटऱ्या सुजलेल्या, ओठ फुटलेले, आणि बोलणं थांबेना. आपल्या कोटास मी किल्ला म्हणत होत्यें, म्हणून स्वतःलाच हसली. वर किती वारा आहे, शेतं कशी दिसतात, माकडाने पंकजाताईंचा चष्मा कसा पळवला. बावन्न वर्षांच्या बाईला असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मग माझा हात धरून म्हणाली, "तुज जमलें, भारती. मी उगाच भीत होत्यें."

इथे मी अडकले.

फेब्रुवारीत ती वेल्लोरला जाऊन आली. मग तरंगमबाडीला, समुद्रावरचा कोट बघायला. उन्हाळ्यात पंकजाताईंनी साताऱ्याला बोलावलं, तिथे महिनाभर राहून चार गड चढली. ती गेली की चुलीवर मी. दुपारी तिचा फोन येतो, पान झालं का, कोण जेवलं. त्याशिवाय ती पायरीवर पाय ठेवत नाही. त्यामुळे आता मी लांबलचक इतिहास सांगायला शिकले आहे. त्या एका दिवसानंतर मी तिला एकही खोटं नाव सांगितलेलं नाही. एकदा माणूस मिळेना, तेव्हा मी बसमध्ये चढून कंडक्टरच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. नवरा म्हणतो, सोडून दे, आजच्या काळात कसला नेम. त्यांना मी जानकीरामांचं सांगितलेलं नाही. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. जानकीराम जेवले नव्हते, हे एक वाक्य बोलले की मी सुटते. ते वाक्य माझ्याजवळ आहे.

गेल्या आठवड्यात अक्का घरी होती. दोघी मिळून कोटात गेलो. ती भाजी चिरत होती, मी चूल फुंकत होते. धुराने माझे डोळे भरले, तिला वाटलं मी रडते. कदाचित रडतही असेन.

"तुज कंटाळा येतो," ती म्हणाली. "मज कळतें. मी पंचविशींत असतां रोज देवास मागत होत्यें, आज कोणी येऊं नये. एक दिवस पान चुकलें कीं माझें मी सुटलें. आपल्या हातानें मोडायास धीर नव्हता. आपोआप चुकलें असतें, तर त्याच दिवशीं चूल लिंपून टाकून चेन्नईस गेल्यें असत्यें. पण कोणी ना कोणी येतच होतें. एक दिवस चुकला नाहीं." दोडक्याची शीर काढत ती पुढे म्हणाली, "आतां तसें वाटत नाहीं. जिंजीवर उभी राहिल्यें ना, तेव्हां खालीं पापनाशमचा कोणी जेवून गेला आहे, असें मनांत आलें. तेव्हां पहिल्यानें वाटलें, इतकीं वर्षें व्यर्थ नाहीं गेलीं."

वाक्य ओठावर आलं होतं. मी तोंड उघडलं, आणि तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. चेन्नईचं स्थळ कधीच गेलं होतं. माझ्या वाक्याने तिला परत मिळण्यासारखं काही नव्हतं, आणि तिच्याकडे होता तो एक दिवस मात्र जाणार होता. सुटणार होते ती मी.

"काय?" तिने विचारलं.

"कांहीं नाहीं," मी म्हटलं. "पुढल्या महिन्यांत कोठे जाणार?"

ती रायगडाचं सांगू लागली. बारा वाजत आले होते. मी पदराने तोंड पुसलं आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले.